लेप्टोचा एआरडीएस पेशंट, सक्शन केलं की सॅच्युरेशन ७८ ला येतं, माझं काय चुकतंय?

रातपाळी

नमस्कार सगळ्यांना. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दीड वर्ष झालं, चौदा महिने जनरल वॉर्ड केला आणि गेले चार महिने आयसीयूत आहे, कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी खाजगी हॉस्पिटल, सहा बेड आणि तीन व्हेंट (व्हेंटिलेटर). सध्या माझ्याकडे ४२ वर्षांचे शेतकरी आहेत. लावणीचे दिवस, पायाला भेगा, पाच दिवस ताप अंगावर काढला, मग डोळे पिवळे, लघवी कमी आणि थुंकीतून रक्त. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पॉझिटिव्ह. सोमवारी ट्यूब टाकली. एक्सरे दोन्हीकडे पांढरा, म्हणजे एआरडीएस (फुप्फुसांत पाणी झिरपून रक्तातला ऑक्सिजन पडतो तो). काल रात्रीच्या एबीजीत (धमनीच्या रक्ताची तपासणी) पीएओटू, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ६२ आणि तेही एफआयओटू, म्हणजे आत दिलेला ऑक्सिजन, ७० टक्के, पीप १२ वर.

आता माझा प्रॉब्लेम. आम्हाला सांगितलंय की दर दोन तासांनी सक्शन (ट्यूबमधला कफ ओढून काढणं) करायचंच, चार्टवर तसा कॉलमच आहे. मी व्हेंट काढते, कॅथेटर घालते, परत लावते, एवढ्यात सॅच्युरेशन ९३ वरून ७८ आणि परत वर यायला वीस-वीस मिनिटं. काल दोनदा झालं. दुसऱ्यांदा घाबरून मी अ‍ॅम्बू (हाताने दाबायची श्वासाची पिशवी) लावला तर अजून खाली गेलं. आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) सर नातेवाइकांसमोर ओरडले, तेव्हापासून कॅथेटर हातात घेतलं की हात थरथरतो, खरं सांगते.

आणि उद्या संध्याकाळी आमचे मोठे सर पेशंटला प्रोन (पालथं) करणार म्हणतायत. आमच्याकडे कोविडनंतर कोणी केलेलं नाही, मी तर बघितलेलंही नाही. नाईटला आम्ही दोघी सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय) आणि आरएमओ. पेशंटची बायको विचारते, एवढ्या आजारी माणसाला पालथं का घालताय, मला नीट उत्तर देता येत नाही. कोणीतरी सांगा प्लीज, पुस्तकातलं नको, बेडजवळचं सांगा.

निवृत्त इनचार्ज

अगं बाळा, आधी ते हात थरथरणं बाजूला ठेव. तुझं सक्शन वाईट नाहीये, तू नको तेव्हा करतेयस आणि व्हेंट काढून करतेयस, एवढंच. पुण्यात सव्वीस वर्षं आयसीयूत काढली, त्यावरून सांगते.

एआरडीएसचं फुप्फुस म्हणजे पावसात भिजलेली गोधडी समज. आत सगळीकडे पाणी झिरपलंय, पेशंट उताणा, म्हणजे खालचे थर वरच्या वजनाने दाबून बसलेत, हवा जाते ती फक्त वरच्या थोड्या भागात. पीप १२ म्हणजे श्वास सोडल्यावरही आत १२ चा दाब धरून ठेवलाय, म्हणून जे काही उघडलंय ते उघडं राहतं. तू कनेक्शन काढलंस की तो दाब एका क्षणात शून्य, उघडलेलं सगळं मिटतं, आणि वर सक्शन आतली उरलेली हवाही ओढून घेतं. मिटायला एक सेकंद पुरतो आणि परत उघडायला तुझी ती वीस मिनिटं. अ‍ॅम्बूने खाली का गेलं तेही हेच, साध्या अ‍ॅम्बूला पीप नसतो. पीप व्हॉल्व्ह वेगळा मिळतो तो मागवून घे आणि बेडजवळ लावून ठेव. अर्थात व्हेंटच बंद पडला किंवा सॅच्युरेशन का पडतंय ते कळेना तर काढून अ‍ॅम्बूच द्यायचा, तेव्हा पीपचा विचार करत बसायचं नाही.

तर पहिलं, क्लोज्ड सक्शन मागून घे, त्यात व्हेंट न काढता आतल्या आत सक्शन होतं. सगळीकडे मिळतं, आणि खर्च जास्त म्हणून कोणी कुरकुरलं तर म्हणावं दर सक्शनला नवं लागत नाही. दुसरं, दोन तासांचा कॉलम विसर, सक्शन गरज असेल तेव्हाच. गरज कशी कळते? व्हेंटच्या स्क्रीनवर फ्लोची रेघ करवतीच्या दातांसारखी दिसायला लागते, ट्यूबमध्ये घरघर ऐकू येते किंवा हाताला छातीवर जाणवते, पीक प्रेशर चढतं, ट्यूबमध्ये डोळ्यांना दिसतं. यातलं काही नसेल तर हात लावू नकोस. मात्र स्टेथो लावून दर दोन तासांनी बघायचं आणि चार्टवर लिहायचं, 'तपासले, गरज नाही'. कॉलम पण भरला आणि पेशंट पण वाचला :)

करताना आधी १०० टक्क्यांचं बटण दाब, एखादं मिनिट जाऊ दे. कॅथेटरचा नंबर बघ, ट्यूबच्या नंबरातून २ वजा करायचे आणि दुप्पट, म्हणजे ८ ची ट्यूब असेल तर १२, ७ ची असेल तर १०. जाड कॅथेटर म्हणजे बाजूने हवा यायला जागाच नाही. सक्शनचं प्रेशर ८० ते १२० (एमएम मर्क्युरी), आत जाताना बंद, बाहेर येताना सुरू, दहा-पंधरा सेकंदांच्या आत बाहेर. स्वतः श्वास रोखून धर, तुला गुदमरायला लागलं की त्यालाही लागलंय.

आणि तुझ्या पेशंटला लेप्टो आहे, रक्त येतंय, तिथे तर अजूनच हात आखडता. सारखं खरवडून रक्त वाढतं आणि पीप गेला की आतून अजून येतं. ताजं लाल रक्त एकदम जास्त आलं तर सक्शन करत बसू नकोस, डॉक्टरांना हाक मार. प्लेटलेट बघून ठेव, नाकातून सक्शन अजिबात नको, तोंड पुसताना मऊ ब्रश.

कधी एचएमई (ट्यूबला लावलेला ओलावा धरणारा फिल्टर) बदलायला वगैरे कनेक्शन काढायचंच झालं तर ट्यूबला गॉझ गुंडाळून आर्टरी फोर्सेपने क्लॅम्प कर, श्वास आत गेलेला असताना, मग व्हेंट स्टँडबाय, मग काढ. लावताना उलट क्रमाने, क्लॅम्प सगळ्यात शेवटी सोडायचा. ट्यूब तारेची असेल तर क्लॅम्प नको, ती चेपली की चेपलीच.

प्रोनचं रात्री लिहिते, आता नातवाला शाळेतून आणायचंय.

वऱ्हाडी ब्रदर

ताईंनी मस्त सांगितलं पण आमच्याकडे तर घट्ट सिक्रेशन असलं की ५ एमएल सलाईन टाकून सक्शन करतो बाप्पा, पातळ होऊन निघते. स्क्रब टायफसच्या पेशंटला करून रायलो आम्ही दरवर्षी, काही झालं नाही. आणि क्लोज्ड सक्शन स्टोअरला मागितलं तर तीन दिवस इंडेंट (मागणीचा कागद) फिरते.

निवृत्त इनचार्ज

ब्रदर, काही झालं नाही म्हणजे तुमच्या लक्षात आलं नाही :) सलाईनने कफ पातळ होत नाही, पाणी आणि कफ मिसळतच नाहीत. जेवढं टाकता त्यातलं बरंचसं आतच राहतं, सॅच्युरेशन पडतं आणि ट्यूबच्या भिंतीवरची घाण पण धुऊन खाली नेतं. घट्ट येतंय म्हणजे ह्युमिडिफिकेशन कमी पडतंय, एचएमई चिकट झालाय का बघा, गरम ह्युमिडिफायर असेल तर तो लावा, त्यातलं पाणी संपलेलं असतं पुष्कळदा. आम्हीही सलाईन टाकायचो वर्षानुवर्षं, मग बंद केलं.

वऱ्हाडी ब्रदर

बरोबर हाय, पाणी संपलेलंच असते नाईटला. पाहतो.

भूलवाला

अ‍ॅनास्थेशियाचा आहे, आयसीयू बघतो. सिस्टर, तुमच्या आकड्यांवरून ६२ भागिले ०.७ म्हणजे पीएफ रेशो साधारण ८९. २०१२ च्या बर्लिन व्याख्येत १०० किंवा त्याखाली म्हणजे सिव्हिअर. तुमचे सर प्रोन करतायत ते योग्यच आहे, उशीर नको. २०१३ चा फ्रेंच ट्रायल आहे, प्रोसेव्हा, ४६६ पेशंट, पीएफ १५० च्या खालचे. सलग किमान १६ तास पोटावर ठेवले तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के, उताणे ठेवलेल्यांत जवळपास ३३. औषधाच्या बाटलीने एवढा फरक एआरडीएसमध्ये क्वचितच पडलेला बघितलाय आणि हे काम हातांचं आहे, तुमच्या. दोन तास पालथं करून 'सॅच्युरेशन सुधारलं, सरळ करा' असं कोणी म्हणालं तर त्यांना हा १६ चा आकडा सांगा.

अजून एक गोष्ट सिस्टरच करू शकतात, ती म्हणजे पेशंटची उंची. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) अंगाच्या वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर लावायचा असतो, पुरुषाला ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंमीतली उंची वजा १५२.४). समजा उंची १६५ सेंमी, तर वजन येतं ६१.५ किलो आणि किलोला सहा एमएलने ३७० च्या आसपास. तोच माणूस अंगाने ८० किलोचा असेल आणि कोणी अंदाजाने ८० धरलं तर ४८०, जे थोडं फुप्फुस शिल्लक आहे ते फुगून फाटायला पुरे. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कने हेच दाखवलं, १२ ऐवजी ६ एमएल दिल्यावर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. आणि तरी निम्म्या फाईलींवर उंची नसते. टेप घ्या, टाचेपासून डोक्यापर्यंत मोजा, बेडच्या डोक्याशी मोठ्या आकड्यात चिकटवा. राउंडला कोणीतरी विचारेलच कोणी मोजली म्हणून. प्लॅटो (श्वास आत रोखून मोजलेला दाब) ३० च्या वर गेला की मला फोन करा असं मी आमच्या सिस्टरना सांगून ठेवलंय, रात्री तीनलाही.

आणि सॅच्युरेशन ९९ करायच्या मागे लागू नका. ८८ ते ९५ पुरतं. ९१ ला घाबरून एफआयओटू वाढवणारेच जास्त भेटतात.

निवृत्त इनचार्ज

हं, आता प्रोन. तासभर आधी आरटी फीड (नाकातल्या नळीने दिलेलं अन्न) बंद, अ‍ॅस्पिरेट करून घे. गरज असेल तर सक्शन आधीच. तोंड स्वच्छ, जीभ दातांत अडकलेली नाही ना बघ. डोळ्यांत ऑइंटमेंट घालून पापण्या मिटून मायक्रोपोर, हे विसरलीस तर सोळा तासांनी बुबुळावर जखम असते आणि पेशंट जगून घरी जातो ते अधू डोळा घेऊन, मी बघितलंय. ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरला आहे ते मोठ्याने बोलून लिही, टेप नव्याने लाव, लाळेने भिजलेल्या टेपवर पालथं करायचं नाही. कफ प्रेशर (ट्यूबच्या टोकाच्या फुग्याचा दाब) २० ते ३० च्या मध्ये. सेडेशन आणि पॅरालिसिस चालू आहे ना, इन्फ्यूजन संपत आलेलं नाही ना. पॅरालाइज केलेला माणूस हलत नाही म्हणजे झोपलेला असतो असं नाही गं, त्याचं सेडेशन संपलं तर तो जागा असून हलू शकत नाही, याहून भयंकर काही नाही.

लाइन्सचं सोपं लक्षात ठेव, कमरेच्या वरच्या सगळ्या डोक्याकडे, कमरेच्या खालच्या पायाकडे. युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून पायांच्या मध्ये. छातीवरचे इसीजीचे स्टिकर काढायचे, पालथं झाल्यावर पाठीवर लावायचे. छातीखालीच राहिले तर त्यांचेच वळ उठतात.

माणसं किमान पाच. डोक्याशी ट्यूब धरून जो उभा आहे तो बोलेल, बाकी सगळे गप्प. एक-दोन-तीन तोच म्हणणार. तुमच्याकडे चारच आहेत तर डे शिफ्टवाल्यांना अर्धा तास थांबवा, किंवा ओटीतले बोलवा. नाईटला एकटीने धाडस नको. संध्याकाळी सहाला करा म्हणजे दोन्ही शिफ्ट हाताशी आणि सकाळी दहाला सरळ करायलाही माणसं असतात, १६ तास पण होतात.

झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं सॅच्युरेशन पडू शकतं, बीपी पण. ट्यूब जागेवर, दोन्हीकडे हवा, लाइन सुटलेली नाही, एवढं बघून थांबा. लगेच उलटं करू नका.

लीड्सचा ब्रदर

मूळचा सांगलीचा, आता इंग्लंडमध्ये आयसीयूत आहे. कोविडच्या वेळी आमच्याकडे प्रोनिंगची वेगळी टीमच केली होती, दिवसभर तेच काम, एका बेडवरून दुसऱ्या बेडवर. इथे उलटवायच्या पद्धतीला कॉर्निश पेस्टी म्हणतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं अरे ही तर आपली करंजी. पेशंटखाली एक चादर असतेच, छातीवर, कमरेवर उशा ठेवायच्या, त्यावर दुसरी चादर, चेहरा आणि ट्यूब उघडी, आणि मग दोन्ही चादरींच्या कडा एकत्र घट्ट वळत आणायच्या अंगापर्यंत, करंजीला मुरड घालतो तशा. मुरड घट्ट असेल तर पेशंट आत हलत नाही आणि उशाही जागच्या हलत नाहीत. मग व्हेंटच्या विरुद्ध बाजूच्या कडेला सरकवायचा, तिथे कुशीवर घ्यायचा, मुरडीवरचे हात बदलायचे आणि पालथा. वेगळं सामान काही लागत नाही, दोन चादरी आणि उशा.

पोट मोकळं राहिलं पाहिजे, म्हणून उशी छातीखाली आणि कमरेच्या हाडांखाली, मध्ये पोकळी. नडगीखाली एक म्हणजे पायाची बोटं गादीत घुसत नाहीत. पुरुष असेल तर खाली चेपलं गेलेलं नाही ना हे हात घालून बघा, लाजू नका, कॅथेटर ताणलेला असतो बऱ्याचदा. तोंड ज्या बाजूला त्या बाजूचा हात वर, दुसरा खाली, पोहताना असतो तसा, आणि दर दोन ते चार तासांनी तोंड आणि हात दोन्ही बदलायचे. वरचा हात खांद्यातून नव्वद अंशांच्या वर नको, नस ताणली जाते आणि बरा झालेला पेशंट महिनोन् महिने हात उचलू शकत नाही. पूर्ण बेड डोक्याकडून थोडा वर तिरका ठेवा, चेहऱ्याची सूज कमी राहते, फीडही हळू सुरू करता येतं.

तोंडाच्या काळजीबद्दल एक, आपल्याकडे अजून सगळीकडे क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश चालतं, २०२२ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये ते नको म्हटलंय, साध्या ब्रशने दात घासा म्हटलंय. माझं मत, ब्रश तरी कुठे होतो रोज, आधी तो करूया.

अ‍ॅरेस्ट झालाच (हृदय बंद पडलं) तर पालथ्यावरच कॉम्प्रेशन सुरू करता येतं, दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये, उलटायला माणसं जमेपर्यंत. हे टीमला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी कोणाला सुचत नाही.

बेड नंबर चारचा भाऊ

मी मेडिकलचा नाही. २०२१ ला माझा मोठा भाऊ अकरा दिवस व्हेंटवर होता. पालथा घातलेला मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, व्हिडिओ कॉलवर एकदम दाखवला, तोंड सुजून भोपळा, ओठ बाहेर, डोळ्यांना पट्ट्या, मला वाटलं संपलं सगळं. आई तर फोन टाकून गेली. दुसऱ्या दिवशी एका सिस्टरने फोन करून सांगितलं की दादा, सूज खाली तोंड असल्यामुळे आहे, सरळ केला की उतरते, आणि पाठीकडचं फुप्फुस मोकळं होण्यासाठी हे करतोय. दोन वाक्यं, पण त्यानंतर आई जेवली. त्या पेशंटच्या बायकोला चेहरा दाखवायच्या आधी हे सांगा एवढंच.

भाऊ आता ठीक आहे. त्याला त्या दिवसांतलं एकच आठवतं, आपण होडीत आहोत आणि कोणीतरी सारखं कुशी बदलतंय. आणि एक बाई रोज तारीख आणि वार सांगायची म्हणे.

रातपाळी

चार दिवस लिहायला जमलं नाही, सॉरी. आधी सांगते, पेशंट आहेत.

ताई म्हणाल्या तसं सहाला केलं. डे शिफ्टच्या दोघी थांबल्या, ओटीतले मामा आले, डोक्याशी सर. करंजी पहिल्या वेळी सैल झाली, अर्ध्यात थांबून परत वळली, मामा म्हणाले सारण जास्त झालंय, सगळे हसलो त्या टेन्शनमध्ये पण. पालथं केल्यावर ८४ झालं, आरएमओ सर लगेच परत फिरवूया म्हणत होते, सरांनी हात धरला त्यांचा. बाराव्या मिनिटाला ९०. सकाळी एबीजीत पीएफ १३१. काल तिसऱ्यांदा केलं, आणि आज सरळ केल्यानंतर चार तासांनी १६२, एफआयओटू ५०, पीप १०. सर म्हणाले आज रात्री पालथं नको, बघूया.

क्लोज्ड सक्शन आलं. रात्रीतून दोनदाच लागलं, ८९ च्या खाली गेलं नाही. उंची मोजली तर १६३ निघाली आणि फाईलवर अंदाजाने वजन ७२ लिहिलेलं, सरांनी व्हॉल्यूम लगेच कमी केला. कोणी मोजली विचारलं, मी हात वर केला.

वहिनींना (पेशंटच्या मिसेस) चेहरा दाखवायच्या आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे चिखलात रुतलेला पाय काढायला अंग उलट्या बाजूला टाकतो तसं. मी म्हटलं हो, तसंच.

इनटेकचं एक माझं मलाच सापडलं. आम्ही प्रत्येक अँटिबायोटिक १०० च्या सलाईनमध्ये देत होतो, इंजेक्शन पोहोचवायला फ्लश, वर सेडेशनच्या सिरिंजा, सगळं मिळून दिवसाला सातशेच्या वर होत होतं आणि चार्टवर फक्त मेन सलाईन लिहिलेलं. सर पाणी कमी ठेवा म्हणत होते आणि आम्ही मागच्या दाराने देत होतो. किडनी पण थकलेली त्यांची. आता कमीत कमी डायल्यूशन विचारून घेतलंय.

एकच चुकलं. उजव्या गालावर ट्यूबच्या टेपखाली रुपयाएवढं लाल झालंय, दाबलं तर पांढरं होत नाही. तोंड फिरवायची एक वेळ पहाटे राहिली, दुसऱ्या बेडचा पेशंट क्रॅश (एकदम सिरियस) झाला होता. काय लावू?

निवृत्त इनचार्ज

दाबून पांढरं होत नाही म्हणजे पहिल्या ग्रेडचा प्रेशर सोअर, फुटलेला नाही ना? मग पातळ हायड्रोकोलॉइड पट्टीचा तुकडा लाव, टेप त्याच्यावरून, आणि ट्यूब ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून घे सरांना सांगून. चोळू नकोस. पुढच्या वेळी प्रोनच्या आधीच कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, गुडघे इथे लावून ठेवायचं. आणि इन्सिडंट म्हणून लिही, वेळ का राहिली तेही लिही, दोन सिस्टर आणि त्याच वेळी दुसऱ्या बेडला क्रॅश असं स्वच्छ. व्हेंटच्या पेशंटला एकास एक सिस्टर असं पुस्तकात असतं, कागदावर आलं तरच कधीतरी कोणी वाचेल.

तारीख-वार सांगतेस का त्यांना रोज?

रातपाळी

सांगते ताई. आज सांगितलं, गुरुवार आहे, पाऊस थांबलाय, लावणी तुमच्या भावाने पुरी केली.